असिस्टेड लिव्हिंगमध्ये खोलीत ताट पाठवणं बंद करावं का?

मुदपाकखाना (धागाकर्ता)

पुणे आणि आसपास असिस्टेड लिव्हिंगच्या (रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठ निवासांच्या) जागा वाढताहेत, आणि बहुतेक ठिकाणी वर्षभरात एकच चित्र दिसतं: डायनिंग हॉल चाळीस जणांचा, जेवायला बसलेले चौदा. उरलेल्यांची ताटं ट्रॉलीवरून खोल्यांत. माझं मत स्पष्ट आहे. नवीन माणसाला रुळायला महिनाभर द्यावा, त्यानंतर दोन्ही जेवणं हॉलमध्येच. ताप, अतिसार, ताजी शस्त्रक्रिया असेल तरच ताट वर जाईल.

कारण पहिलं, चालणं. खोली ते हॉल चाळीस मीटर धरा. दोन जेवणं आणि दोन चहा म्हणजे दिवसाला ३२० मीटर. फिजिओथेरपीला नाक मुरडणारा माणूस पिठल्यासाठी उठतो.

दुसरं, ताटात काय उरलं हे कुणीतरी बघतं. खोलीतून परत आलेलं ताट मावशी थेट मोरीत उपडं करते. वरण, ताक, उसळ तशीच राहिली आणि माणूस नुसत्या भातावर जगतोय, हे दोन महिने कळत नाही. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ती धोक्याची घंटा. साठ किलोच्या ज्येष्ठाला दिवसाला साठ ते बहात्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन फुलके, वाटीभर वरण, भाजी, मूदभर भात यांतून जेमतेम पंधरा-सोळा मिळतात. त्यातलं वरणच उरलं तर काय राहिलं?

तिसरं, मनुष्यबळ. नेणं, स्टूल लावणं, झाकणं काढणं, नंतर उचलणं, असं एका ताटामागे चार मिनिटं धरली तरी पंचवीस ताटांना शंभर मिनिटं. म्हणजे एक मावशी अख्खी जेवणवेळ जिन्यात आणि लिफ्टमध्ये. तेवढ्यात विस्मरणाच्या तीन रुग्णांना घास भरवून झाले असते. त्यांना प्रत्येकी अर्धा तास सहज लागतो.

---

एकांतप्रिय

ठाम असहमत. हे वसतिगृह नाही. दरमहा पैसे मोजून राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला ताटासाठी घंटेवर उठवणं म्हणजे सोय कुणाची?

लोक हॉल का टाळतात हे आधी विचारा. माणसं नकोशी झालेली असतात असं क्वचितच असतं. हात थरथरतो, आमटी सांडते. कवळी सैल झालीय, शेंगदाण्याचा कण अडकला की चारचौघांत काढता येत नाही. सकाळी लघवी होण्याची गोळी घेतलेली असते आणि हॉलपासून स्वच्छतागृह लांब. ऐकू येत नसल्याने दोनदा ‘काय?’ म्हणावं लागतं, तिसऱ्यांदा माणूस नुसता हसून मान डोलावतो, आणि पुढच्या आठवड्यापासून ‘मला खोलीतच बरं’. सक्तीने यातलं काहीच सुटत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘कल्याण’ या शब्दाच्या व्याख्येत अन्न, आरोग्यसेवा आणि करमणूक केंद्रं एकाच ओळीत येतात. अन्न देताना करमणुकीची अट घाला असं तो म्हणत नाही.

वजनाचा मुद्दा मान्य. पण त्याला हॉल कशाला? ताट उचलताना मावशीने पाव, अर्धं, पाऊण अशी खूण वहीत करायची, आणि महिन्यातून एकदा वजन: त्याच काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चप्पल काढून. जास्तीचे दहा सेकंद.

---

सरळरेघ

दोघेही हॉल हा एक दिलेला पदार्थ समजून भांडताय. बहुतेक हॉल लग्नकार्यालयासारखे बांधलेत: गुळगुळीत टाइल, एका बाजूला काच, उघडी मोरी आणि भिंतीवर टीव्ही. त्यात स्टीलची ताटं-वाट्या. साधं श्रवणयंत्र शेजाऱ्याच्या आवाजाबरोबर वाटीचा खणखणाटही वाढवतं, म्हणून लोक ते काढून खिशात ठेवतात आणि मग गप्प बसतात. उपाय स्वस्त आहेत. जेवताना टीव्ही बंद. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट. मोरीला दार, आणि ते लावलेलं. टेबलावर जाड कापड, खाली फेल्ट (लोकरीचं जाड कापड). जाड पडदे.

टेबल चौघांचं असावं. दहा जणांच्या लांब टेबलावर कमी ऐकू येणारा माणूस फक्त समोरच्याशी बोलू शकतो, आणि समोरचाही बहुधा तसाच असतो. व्हीलचेअरसाठी टेबलाखाली सत्तर सेंटिमीटर मोकळे हवेत. फळीखालची आडवी पट्टी खुर्चीच्या हाताला अडली की माणूस ताटापासून वीतभर लांब राहतो आणि आमटी मांडीवर. सांडण्याची कित्येक प्रकरणं थरथरीची नसून या पट्टीची असतात. (सुताराला सांगून पट्टी कापून घेता येते, फक्त टेबल डुगडुगणार नाही हे बघा.) महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) २०२४ च्या ज्येष्ठ गृहप्रकल्पांच्या निकषांत दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद आहेत, पण आत टेबलांमध्ये तेवढीच जागा ठेवली तर मागे ओढलेल्या खुर्चीत ती संपते. सव्वा मीटर ठेवा. व्हीलचेअर वळायला दीड मीटर.

आणि वॉकर! पंधरा वॉकर दाराशी गोळा होतात. मदतनीस ‘अडचण नको’ म्हणून वॉकर लांब नेतो, आजी टेबलाचा कोपरा धरून उठायला जातात आणि पडतात. वॉकर हाताच्या अंतरावर, नाहीतर निदान नजरेसमोर, भिंतीलगत.

---

रात्रपाळी

नर्सिंगच्या बाजूने. सक्तीला माझा विरोध आहे, पण एकांतप्रिय यांच्या कारणासाठी नाही.

जेवणानंतर दोन तासांत काही ज्येष्ठांचा वरचा रक्तदाब वीस अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरतो. पार्किन्सन, जुना मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांत हे अधिक. भरपेट भात खाऊन सव्वा वाजता सगळे एकदम लिफ्टपाशी रांगेत उभे, ही पडण्याची उत्तम तयारी. अशांनी जेवणाआधी पाणी प्यावं (हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्यावर मर्यादा नसेल तर), भात कमी घ्यावा आणि अर्धा तास तिथेच बसावं. म्हणजे हॉलमध्ये हाताच्या, पाठ टेकता येणाऱ्या खुर्च्या हव्यात, आणि मावशींनी ‘उठा, पुसायचंय’ म्हणत घाई करू नये.

दुसरं, घंटा. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, जलद इन्सुलिन जास्तीत जास्त पंधरा मिनिटं आधी. स्वयंपाक चाळीस मिनिटं लांबला की साखर उतरून टेबलावर घाम, थरथर, बरळणं. म्हणून इन्सुलिन ताट तयार असल्याची खात्री करून द्यायचं, घड्याळ बघून नव्हे. पार्किन्सनची लेव्होडोपा ही गोळी बहुतेकांना जेवणाआधी अर्धा तास देतात, कारण डाळ-पनीरची प्रथिनं तिच्या आड येतात. तिचा असर चढला की हात स्थिर, तेव्हाच जेवण हवं. त्या माणसाची वेळ वेगळी. जेवायला सव्वाबारा ते दीड असं मोकळं अंतर ठेवलंत तर निम्मं भांडण मिटेल.

एका बाबतीत मात्र मुदपाकखाना यांच्या बाजूची: पलंगावर रेलून जेवणं वाईटच. ठसका, श्वासनलिकेत अन्न, मग न्यूमोनिया. खोलीत जेवायचं तर खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास ताठ. हे ट्रॉलीवाल्या मुलाला कोण शिकवतं?

---

मुदपाकखाना

मोकळं अंतर म्हणायला सोपं. फुलका दहा मिनिटांत वातड होतो आणि कवळीला तोच नको. सव्वाबारा आणि एक अशा दोन पंगती जमतील. वरण-भात साठ अंशांच्या वर धरता येतो, फुलके मात्र दोनदा लाटावे लागतील. भाकरी असेल त्या दिवशी आधीच ताकात कुस्करून वाट्या भरल्या तर पंधरा-वीस लोकांचं चावणं वाचतं. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन मंडळींसाठी वेगळी वेळ असतेच, तसंच हे.

सरळरेघ, पट्टीचं पटलं.

---

चिंचगूळ

खुर्च्या, टेबलं, इन्सुलिन सगळं ठीक. पण खरी अडचण कुणी लिहिलीच नाही. नवीन आलेल्या आजी ताट घेऊन उभ्या राहतात आणि तीन टेबलांवर ऐकतात, ‘इथे अमक्या बसतात.’ मग महिन्यानंतर सक्ती करून काय मिळणार? भरल्या हॉलमधलं एकटेपण खोलीतल्यापेक्षा टोचतं. पहिले पंधरा दिवस जागा व्यवस्थापकाने ठरवून द्यावी: सोबत एक बोलकी व्यक्ती, एक त्याच गावाकडची किंवा बोलीची. नंतर ज्याने-त्याने ठरवावं.

आणि ‘मासे खाणाऱ्यांचं टेबल वेगळं’ हे वरवर सोयीचं दिसतं. सहा महिन्यांत ते जातीचं टेबल होतं. वाढण्याची जागा, पळ्या, भांडी वेगळी ठेवा, माणसं नको. एकादशीलाही तेच. उपवासाच्या टेबलावर साबुदाणा खिचडी वाढली की मधुमेहींची साखर चढणार. राजगिरा, काकडी, ताक, मोजके दाणे सगळ्यांनाच ठेवले तर वेगळं टेबल लागत नाही.

---

एकांतप्रिय

चिंचगूळ +१.

मग सुरुवात जेवणापासून का? चार वाजताचा चहा घ्या. कप, दोन बिस्किटं, सांडणं कमी, कवळीची भीती नाही. कप अर्धाच भरायचा, मोठ्या कानाचा. आणि हाताला काम: मटार सोलणं, मेथी निवडणं. शिजणाऱ्याच गोष्टी, हात धुऊन, सर्दी-जुलाब असणाऱ्यांनी नाही. सीडीवरच्या भजनांपेक्षा मेथीच्या जुडीभोवती जास्त बोलणं होतं. चहाला जो यायला लागला तो रात्रीच्या खिचडीला आपणहून येतो.

---

मुदपाकखाना

ठीक, सक्ती मागे घेतो. दिवसातलं एक जेवण हॉलमध्ये आणि चहा, हा आग्रह. पण खोलीतल्या ताटाला जादा आकार लावायला हवा, नाहीतर मावशीचे ते शंभर मिनिटं कुठून भरून काढायचे?

---

एकांतप्रिय

म्हणजे थरथरणाऱ्या हातावर कर. ज्याला पेन्शन तुटपुंजी तो उपाशी राहील नाहीतर दुपारचं ताट रात्रीसाठी झाकून ठेवेल.

---

रात्रपाळी

ते झाकून ठेवणं आत्ताही होतं. दुपारचा भात कपाटात, रात्री नऊला खाल्ला, पहाटे जुलाब. दोन तासांनी ताट उचलायचंच, भरलेलं असलं तरी. आणि एका दिवशी दोघांना उलट्या-जुलाब झाले की हॉलचा वाद तेवढ्यापुरता बंद: लक्षणं थांबल्यावरही ४८ तास त्यांची ताटं खोलीत, दाराच्या मुठी ब्लीचने पुसायच्या (अशा साथींमागे बहुधा असणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही), हात साबणाने. त्या दिवसांत जादा आकार कुणाच्या बिलात घालणार, हे करारात आधीच लिहा.