सल्ला हवा: विनाटर्बो १.५ पेट्रोल गाडीची ताकद वाढवायची आहे, सोलापुरात सुरुवात कुठून करू?

विजापूर_रोड

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची होंडा सिटी, १.५ आयव्हीटेक, मॅन्युअल. वडिलांनी हौसेनं घेतलेली, आता माझ्याकडे आली. विकायची नाही आणि टर्बोही (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ह्या इंजिनाचा वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) जो आवाज येतो त्याच्यासाठीच तर ही गाडी ठेवलीय.

अडचण अशी की महिन्यातून काही वेळा वैरागवरून बार्शीला जावं लागतं. कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. गाडीत चौघं, एसी चालू, आणि ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी विचार करत बसते. एका ओळखीच्या दुकानात कोन फिल्टर (डब्याविना उघडा हवेचा फिल्टर), फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर आणि रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं) असं पॅकेज सांगितलं, 'वीस-पंचवीस घोडे वाढतील' म्हणे. बजेट साठ-सत्तर हजारांचं आहे. ज्यांनी विनाटर्बो इंजिनावर काम केलंय त्यांनी सांगा: पैसे कुठे घालू, कुठे नको, आणि कोणत्या क्रमानं?

बाळीवेस_८७

माझ्या स्विफ्टला मूळच्या डब्यातच बसणारा कॉटनचा फिल्टर आणि मागचा सायलेन्सर बदललाय. आवाज झकास, गाडी मोकळी वाटते. बिनधास्त करा. फक्त तो तेल लावायचा फिल्टर धुतल्यावर तेल बेतानं मारा. मॅफ सेन्सरवाली (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असलेली) गाडी असेल तर जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मग पिकअप उलट जातो.

लेथवाले_काका

विजापूर रोडवाले, फिल्टर-बिल्टर राहू द्या बाजूला. आधी तुमच्या इंजिनाची कंपनीनं दिलेली ताकद शाबूत आहे का ते बघू. हेडची (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्हवाल्या भागाची) कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. 'ताकद वाढवून द्या' म्हणून येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या गाड्यांपैकी बहुतेकींची मूळचीच ताकद कुठेतरी गळत असते.

पहिलं काम, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला बारीक गॅप. तुमच्या इंजिनाला हायड्रॉलिक ॲडजस्टर (गॅप आपोआप सांभाळणारे) नाहीत, स्क्रू-नट आहेत, गॅप हातानं लावावा लागतो. इनटेकचा वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा. आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा, अंदाजानं नाही. गाडी पळत जाते तसा व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो आणि गॅप कमी होतो. सीएनजीवर चाललेल्या गाडीत आणखी लवकर. गॅप संपला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिथून निसटतं, आणि लक्ष दिलं नाही तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. ढिल्या टॅपेटचा टकटक आवाज तरी येतो. घट्ट टॅपेटचा काहीच आवाज येत नाही, म्हणून तो कुणी बघत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. होंडाच्या मॅन्युअलमध्ये हेडचं तापमान ३८ अंशांच्या आत असताना हे काम करायला सांगितलंय. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच पारा ४२च्या पुढे असतो. म्हणजे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये उभी ठेवायची आणि सकाळी सातला कव्हर उघडायचं. चालवत आणून 'आत्ता लगेच करा' म्हटलं तर जो करून देईल त्याच्याकडे गाडी देऊ नका.

टॅपेटनंतर कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा किती हे बघाच, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे त्याहून महत्त्वाचं. एखादा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर त्यात थोडं इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. प्लग काढलेच आहेत तर टोकं बघा. भुरकट, फिकट तपकिरी हवीत. एखादाच काळा असेल तर त्या सिलिंडरची चौकशी करायची.

मग थ्रॉटल बॉडी. नळी काढून फुलपाखरी पट्टीच्या मागे बोट फिरवा, काळं चिकट कडं हाताला लागेल. साफ करताना पट्टी बोटानं जोरात ढकलू नका, इलेक्ट्रिक मोटरवर चालते ती. नंतर आयडल (उभ्या गाडीत इंजिन किती फिरावं ते) परत शिकवावं लागतं.

क्लच तपासा: चौथ्या गिअरला चढावर पूर्ण दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा, ब्रेक चिकटलेत का ते कळेल. एवढं सगळं साठ हजारांत बसून वर पुष्कळ उरतील.

चिंचोळी_एमआयडीसी

काकांशी पूर्ण सहमत. मी थोडं गणित मांडते, कारण 'वीस-पंचवीस घोडे' हा आकडा मला पटत नाही.

तुमच्या इंजिनाचे कंपनीचे आकडे: ६६०० आरपीएमला ११८ पीएस (म्हणजे घोडे), ४८०० आरपीएमला १४६ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). टॉर्कला आरपीएमनं गुणून ७०२४नं भागलं की पीएस मिळतो. म्हणजे ४८००ला तुमच्याकडे साधारण १०० पीएस असतात. आता ३०००ला बघा. तिथे टॉर्क १३० धरला तरी जेमतेम ५५ पीएस. ट्रॉलीमागे चौथ्या गिअरला ३०००वर असताना तुम्ही पाय दाबता तेव्हा अर्धंसुद्धा इंजिन कामाला लागलेलं नसतं. तिसरा टाकून ४५००वर आणलंत तर तेच इंजिन ९०च्या पुढे देतं. फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅप मिळून एवढी उडी कधीच देणार नाहीत.

दुसरं. १४६ला १.५ लिटरनं भागा, दर लिटरला ९७ न्यूटन-मीटर आले. रस्त्यावरच्या विनाटर्बो पेट्रोल इंजिनासाठी १००च्या आसपास व्यवहारातली मर्यादा येते, कारण सिलिंडरमध्ये हवा फक्त वातावरणाच्या दाबानं शिरते. होंडाचीच एस२००० घ्या. १९९९ साली दोन लिटरमधून टर्बोशिवाय २५० पीएस काढले, आणि टॉर्क होता २१८, म्हणजे दर लिटरला १०९. टॉर्क थोडाच जास्त, पण ताकद ८३०० आरपीएमला. विनाटर्बोत मोठी वाढ अशीच मिळते, आरपीएम वाढवून. त्याला वेगळा कॅम, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा, मजबूत कनेक्टिंग रॉड आणि हेडचं काम लागतं, खर्च लाखांत जातो आणि खालचा टॉर्क उलट कमी होतो. बार्शी रस्त्यावर तुम्हाला नेमका खालचा आणि मधला टॉर्क हवाय.

तिसरं, कोन फिल्टर. बॉनेटखाली उघडा कोन सोलापूरच्या उन्हाळ्यात अजिबात नको. हवा ३० अंशांवरून ६५वर गेली की घनता दहा टक्क्यांनी घटते. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहोत, त्याचे पाचेक टक्के आधीच गेलेले असतात. त्यात ईसीयू (इंजिनाचा संगणक) गरम हवा बघून नॉकिंगच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) भीतीनं इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, ते वेगळंच. मूळचा बंद डबा पुढून थंड हवा ओढतो, तो कंपनीनं विचार करून दिलाय. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) घ्या, फोनवर इनटेकचं तापमान दिसतं. आधी मोजा.

विजापूर_रोड

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. डोंगल होता मित्राकडे, आज लावला. महामार्गावर इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंश जास्त. पण सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की चढत चढत साठीच्या पुढे गेलं, आणि निघाल्यावर खाली यायला होटगी रोडचा बराच पल्ला लागला. सिग्नल सुटल्यावर गाडी जड का वाटते ते डोळ्यांनी दिसलं. कोन फिल्टर रद्द.

टॅपेटला वेळ घेतलीय, गाडी आदल्या रात्री नेऊन ठेवणार. पण तब्येत ठीक निघाल्यावर तरी रिमॅप आणि हेडर करावेत का? आणि दुकानदार एक पेडल बॉक्ससुद्धा दाखवत होता.

पुण्यातला_सोलापूरकर

विनाटर्बोला मिळतं थोडं, पण मिळतं ते गोड असतं. मी ह्याच मताचा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पेडल बॉक्स घेऊ नका. तो फक्त पेडलचा सिग्नल पुढे ढकलतो. पाव पेडलला अर्धा थ्रॉटल उघडतो म्हणून गाडी चपळ वाटते, पण पूर्ण दाबल्यावर ताकद तेवढीच.

रिमॅप विनाटर्बोला पाच ते आठ पीएसच्या आसपास देतो. पुण्यात पंचवीस-तीस हजारांपर्यंत सांगतात. टर्बो गाडीचे आकडे ऐकून जाऊ नका, तिथे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवता येतो, इथे वाढवायला काही नाही. पण मधल्या पट्ट्यात इग्निशन आणि इंधन नीट जुळवलं की गाडी पेडलला लगेच उत्तर देते, आणि रोज चालवणाऱ्याला ते जाणवतं. अट एकच, डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी आणि नंतर, एकाच दिवशी, त्याच पेट्रोलवर मोजून द्यायला सांगा. चाकांवरचा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा पंधराएक टक्क्यांनी कमी येतो, म्हणजे तुमची निरोगी सिटी १००च्या आसपास दाखवेल. ९० दाखवली तर रिमॅप थांबवा आणि काकांकडे परत जा. मोजून न देणाऱ्याकडून मी तरी नकाशा (नवी सेटिंग) घालून घेणार नाही.

हेडर म्हणजे चारही सिलिंडरच्या धुराच्या नळ्या लांबी जुळवून एकत्र आणणं. ४-२-१ रचना मधल्या आरपीएमला बरी, ४-१ वरच्याला. तुम्हाला ४-२-१. पण बऱ्याच गाड्यांत कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) मॅनिफोल्डला लागूनच असतो आणि स्वस्तातला हेडर टाकताना तो काढून टाकतात. तसं असेल तर नको. चेक इंजिनचा दिवा लागतो, डोळे चुरचुरतात, आणि मागे बसलेल्या घरच्यांना तो वास सहन करावा लागतो.

पेट्रोलबद्दल: पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतूनही ते जातं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, पण लिटरमागे उष्णता कमी, म्हणून ॲव्हरेज पडतं. २०१२च्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील आताच तपासून घ्या. ९५ किंवा १०० ऑक्टेन भरून मूळ नकाशावर मोठी ताकद वाढत नाही. कडक उन्हात नॉकिंग होत असेल तर इग्निशन मागे जाणं तेवढं टळतं.

बाळीवेस_८७

मग लहान टर्बो किटच का नको? एकदाच खर्च.

चिंचोळी_एमआयडीसी

धागाकर्त्यांनी नको म्हटलंय, आणि बरोबर म्हटलंय. ह्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो दहाच्या वर आहे. त्यावर बूस्ट दिला की नॉकिंग, मग पिस्टन बदला, इंजेक्टर बदला, इंटरकूलर, क्लच, आणि आपल्या उन्हाळ्यात कूलिंग. त्या पैशात बरी टर्बो गाडी सेकंडहँड येते.

रंगभवन_चौक

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, वकिली करतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच अधोरेखित केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४)मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं कलम १९०(२) वेगळं, तिथे दंड १०,००० पर्यंत आणि तीन महिने लायसन्स जातं. फ्री-फ्लो सायलेन्सर लांबूनच ऐकू येतो, तो पहिल्यांदा पकडला जातो.

विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात तुमच्याच विरोधात उभा राहतो. आणि गाडी २०१२ची म्हणजे २०२७ला पंधरा वर्षं होतील. आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा कन्व्हर्टर नसलेली गाडी घेऊन उभे राहू नका. दुरुस्ती, ट्यूनिंग, टायर, ब्रेक पॅड ह्यावर मनसोक्त खर्च करा, तिथे कुणी अडवत नाही.

विजापूर_रोड

काम झालं, सांगायला आलोय. सकाळी कव्हर उघडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. मेस्त्रींनी फिलर गेजची पट्टी एक्झॉस्टच्या बाजूला घातली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला शिरेचना. मॅन्युअलच्या मापाची तर नाहीच, त्याहून पातळ पट्टीही अडकत होती. बाकीचे ठीक. गॅप लावल्यावर नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी आवळून परत मोजत होते. बघून समाधान वाटलं. गाडी तापवून कॉम्प्रेशन घेतलं, चारही जवळजवळ सारखे. म्हणजे व्हॉल्व्ह जळायच्या आत सापडलं.

थ्रॉटल बॉडी साफ, प्लग नवे, मागचा उजवा ब्रेक चिकटला होता तोही मोकळा केला. काल वैरागला जाऊन आलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ट्रॉलीमागे आधीच तिसरा टाकून ठेवला आणि समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर दाबला. गाडी ओढत गेली! एसी चालू, चौघं बसलेले. आई मागून म्हणाली, गाडी बदललीस का.

आता बहुतेक पैसे शिल्लक आहेत. चांगले टायर घेतो. १७ इंची अलॉयचा विचार होता, तो करू का?

लेथवाले_काका

दोन्ही सापडले ते फार बरं झालं. पाच हजार किलोमीटरनंतर ते दोनच टॅपेट परत मोजा. गॅप परत घटला असेल तर सीट बसतेय, मग हेड उतरवून व्हॉल्व्ह सीट कटिंग आणि लॅपिंग करून घ्यावं लागेल. तेव्हा पोर्टच्या तोंडाशी गॅस्केटची कड आत येत असेल तर ती जुळवून घेऊ, तेवढ्यानंही हवा मोकळी जाते.

१७ इंची घेऊ नका. जड चाक फिरवायलाच ताकद जाते, आणि बाहेरचा घेर वाढला तर गिअरिंग लांब होऊन आत्ता मिळालेला पिकअप परत जाईल. मूळच्याच मापाचे चांगले टायर घ्या, उरलेल्यात पुढच्या डिस्क आणि पॅड, आणि ब्रेक ऑइल बदला. ते दोन वर्षांत बदललं नसेल तर टायरच्याही आधी.

पुण्यातला_सोलापूरकर

टायर झाले की पुण्याला याल तेव्हा डायनोवर एकदा चढवा. रिमॅप करा न करा, ग्राफ इथे टाका. निरोगी सिटीचा आकडा ह्या धाग्यावर असला तर पुढच्या माणसाला तुलना करायला मिळेल.