२५ डिसेंबर: सूर्याचा दिवस की येशूचा?

सह्यकडा (धागाकर्ता)

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात एक मेसेज फिरायला लागतो. "नाताळ हा ख्रिश्चनांचा सण नाहीच, रोमन लोकांच्या सूर्योत्सवावर चर्चने डल्ला मारला." आमच्या मजल्यावर दोन ख्रिस्ती कुटुंबं आहेत, दरवर्षी त्यांच्याकडून घरी करंज्या येतात. त्या गटात तीही आहेत. मेसेजचा सूर मला अजिबात पटत नाही. पण म्हणून त्यातला मुद्दा खोटा ठरत नाही, आणि माझ्या मते तो बहुतांशी खरा आहे.

येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखत बसलेत, एवढाच काय तो सुगावा. उलट २५ डिसेंबर म्हणजे रोमन कॅलेंडरात हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने तसं लिहून ठेवलंय. १७ ते २३ डिसेंबर सॅटर्नेलिया, म्हणजे रोमनांच्या सॅटर्न देवाचा सण: मेजवान्या, भेटी, गुलामांनाही मोकळीक. २७४ साली सम्राट ऑरेलियनने रोममध्ये अजिंक्य सूर्याचं, म्हणजे सोल इन्विक्टसचं, मोठं देऊळ उभारलं. पाचव्या शतकात पोप लिओ आपल्या नाताळच्या प्रवचनात कळवळून तक्रार करतात की आपलेच लोक रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळतात आणि उगवत्या सूर्यापुढे मान वाकवतात. एवढं सगळं एकाच दिवसाभोवती जमावं हा योगायोग कसा मानायचा?

चर्चने लोकांचा सण उचलला आणि त्यावर नवं नाव लावलं, असं माझं मत आहे. विरोधी मतं जरूर मांडा, फक्त कुणाच्या श्रद्धेवर घसरू नका.

लॅटिन शिकतेय

दादा, सूर चांगला आहे, पण "उचलला" हे सिद्ध होत नाही. ज्या पुराव्यावर हे सगळं उभं आहे तो मूळ लॅटिनमध्ये वाचला की गुंता कळतो.

व्हॅलेंटिनस नावाच्या एका श्रीमंत रोमन ख्रिस्ती माणसासाठी ३५४ साली फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने एक सुंदर ग्रंथ तयार केला. मूळ प्रत गेली, नकला उरल्या. त्यात एक सरकारी कॅलेंडर आहे. त्यात २५ डिसेंबरसमोर एवढीच अक्षरं आहेत: एन, इन्विक्टी, सीएम, ३०. म्हणजे 'अजिंक्याचा जन्मदिवस, रथांच्या ३० शर्यती'. एरवी सणाला २४ शर्यती असत, म्हणजे हा दिवस मोठा खरा. पण त्याच कॅलेंडरात १९ ते २२ ऑक्टोबर सूर्याचे खेळ आहेत आणि शेवटच्या दिवशी ३६ शर्यती! सूर्याचा मोठा उत्सव शोधायचा तर तो ऑक्टोबरात सापडतो.

आता काही पानं पुढे जा. त्याच ग्रंथात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे. तिची पहिलीच नोंद जानेवारीच्या पहिल्या तारखेआधीच्या आठव्या दिवसाची, म्हणजे २५ डिसेंबरची: 'यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला.' शेजारी बिशपांच्या मृत्युदिनांची यादी आहे. ती महिन्यांच्या क्रमाने नीट लावलेली आहे, फक्त ३३६ आणि ३५२ साली वारलेले दोन बिशप क्रम मोडून शेवटी चिकटवलेले आहेत. याचा अर्थ मूळ याद्या ३३६ च्या सुमारास तयार झाल्या आणि पुढची नावं नंतर जोडली गेली.

सूर्याच्या 'जन्मदिवसा'ची २५ डिसेंबर ही तारीख लेखी स्वरूपात पहिल्यांदा मिळते ती याच ग्रंथात. ऑरेलियनच्या देवळाला ही तारीख जोडणारी समकालीन नोंद नाही. म्हणजे दोन्ही सणांचा पहिला पुरावा एकाच ग्रंथात, आणि त्यातली ख्रिस्ती नोंद थोडी जुनीच असण्याची शक्यता. मग कुणी कुणाचं घेतलं?

पंचांगप्रेमी

ताईंशी सहमत. तारखेचा दुसरा हिशोबही आहे आणि तो मला जास्त पटतो. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक येशूचा क्रूसावरचा मृत्यू २५ मार्चला धरतो. पुण्यपुरुष ज्या तिथीला गर्भात आला त्याच तिथीला गेला, अशी समजूत धरली तर २५ मार्चला गर्भधारणा आणि नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत, त्याचे नऊ महिने मोजा, ६ जानेवारी येतो. आर्मेनियन चर्च आजही येशूचा जन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. फ्रेंच अभ्यासक लुई दुशेन यांनी १८८९ मध्ये हा हिशोब मांडला. सूर्याची तारीख उचलल्याचं मानलं तर ६ जानेवारीचं काय करायचं?

सह्यकडा

ग्रंथाचं मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण पंचांगप्रेमी, तुमच्याच हिशोबात सूर्य बसलाय! २५ मार्च म्हणजे रोमन कॅलेंडरातला वसंतसंपात, दिवस-रात्र सारखी. २५ डिसेंबर म्हणजे हिवाळी अयनदिन. तर्तुलियनच्या काळात रोममध्ये वाढलेल्या माणसाला ही तारीख ऐकून पहिल्यांदा सूर्यच आठवणार. चौथ्या शतकातलं अयन-संपातांवरचं एक ख्रिस्ती टिपणच उघड विचारतं, की ते याला अजिंक्याचा जन्मदिवस म्हणतात, पण आमच्या प्रभूइतका अजिंक्य दुसरा कोण? लिहिणाऱ्याला शेजारचा सण पक्का माहीत आहे आणि तो त्याच्याशी सामना करतोय. 'उचलला' हा शब्द मागे घेतो. 'सूर्याचा संबंध नाही' हे मात्र मानणार नाही.

बाणकोट

आणि ईस्टरचं काय? तो तर सरळ बाबिलोनच्या इश्तार देवीचा. नावातच आहे.

लॅटिन शिकतेय

नाही हो, हे मात्र साफ चूक. इंग्रजी आणि जर्मन सोडून बघा: फ्रेंच पाक, इटालियन पास्क्वा, पोर्तुगीज पाश्कोआ, गोव्यात पास्कांचें फेस्त. सगळे शब्द हिब्रू 'पेसाख'वरून आलेत, हा ज्यू लोकांचा सण, ज्याला मराठी बायबल वल्हांडण म्हणतं. दुसऱ्या शतकात आशिया मायनर (आजचं तुर्कस्तान) आणि रोमच्या चर्चमध्ये हा सण कोणत्या दिवशी करायचा यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. इंग्रजीचा तेव्हा पत्ताही नव्हता.

इश्तारची जोड १९ व्या शतकात अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाने लोकप्रिय केली, आणि त्याला झोडपायचं होतं कॅथलिक चर्चला. 'ईओस्त्रे' नावाच्या देवीचा उल्लेख आहे, पण तो इंग्लंडमधल्या बीड या साधूचा, ७२५ सालचा, तोही ओझरता: एका महिन्याला तिचं नाव होतं आणि आता त्या महिन्यातल्या सणाला ते चिकटलं, एवढाच. ईस्टरला दिसणारे ससे, अंडी यांचा त्यात मागमूस नाही.

पंचांगप्रेमी

यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट: 'नाताळ मूर्तिपूजकांचा' हा आरोप ख्रिश्चनांनीच ख्रिश्चनांवर केलेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, वसाहतीत १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तोच आरोप आज आपल्या गटांत नव्या शोधासारखा फिरतो.

गोराईची लेक

बराच वेळ फक्त वाचत होते. आता राहवत नाही.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. शेतातली पहिली भाताची कणसं वाजतगाजत देवळात आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. माझी आजी त्यातली मूठभर घरी आणायची, लोंब्या सुतळीने बांधून देव्हाऱ्यातल्या क्रूसाशेजारी टांगायची, आणि त्यातले चार दाणे नव्या तांदळाच्या पहिल्या भातात टाकायची. पुढच्या वर्षीची कणसं येईपर्यंत जुनी तिथेच असायची, पार पिवळीफटक होऊन. तुमच्या घरी नवान्नाला हेच होतं ना? दाराला कणसं बांधताच की.

मग सांगा, हे आम्ही कुणाकडून चोरलं? माझे पूर्वज शेतकरी होते. बाप्तिस्मा झाला, पण शेत तेच राहिलं, पाऊस तोच राहिला. कणसं त्यांची स्वतःची होती. रोममधला माणूस पहाटे सूर्याकडे मान वाकवत होता तोही कालपरवापर्यंत सूर्याचाच भक्त होता. 'चर्च' म्हणून कुणी परका येऊन सण पळवून नेत नाही, माणसं स्वतःचे सण बरोबर घेऊन नव्या घरात येतात. त्या मेसेजने मला दुखतं ते यासाठी, की त्यात माझी आजी चोर ठरते.

बाणकोट

ताई, आजीबद्दल आदरच आहे. पण एवढं गोडही नव्हतं. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला लिहिलं की देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा, लोकांना त्याच जागी येऊ द्या, बैल कापायचे तर देवाच्या नावाने मेजवानी करू द्या. हे समंजस आहे असं म्हणू. पण त्यातही मूर्ती फुटतातच. आणि गोव्यात १५४० च्या सुमारास देवळंच पाडली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीरनाम्यात अंगणातली तुळससुद्धा मना होती. स्वतःचे सण बरोबर घेऊन यायला त्या लोकांना कुणी मोकळं सोडलं होतं?

गोराईची लेक

नव्हतं सोडलं. ते मी नाकारत नाही, आणि कुणी ख्रिस्ती माणूस नाकारत असेल तर त्याच्याशीही मी भांडेन. पण तुळस मना करणारा हुकूम काढावा लागला, याचाच अर्थ लोकांनी ती लावणं सोडलं नव्हतं. आगेरा त्याच लोकांचा. हुकूम काढणाऱ्यांचं आणि कणसं आणणाऱ्यांचं पाप एकाच खात्यावर कसं मांडता?

लॅटिन शिकतेय

एक भर घालते. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आणि तो लॅटिन 'नातालिस'वरून, म्हणजे जन्माचा. त्या कॅलेंडरात 'अजिंक्या'आधी जो 'एन' आहे तो हाच शब्द. शिवाय रोमचे ख्रिस्ती लोक हुतात्म्याच्या मृत्युदिनालाच नातालिस म्हणत, तो स्वर्गातला जन्म म्हणून. एकच शब्द सूर्यालाही, मेलेल्यांनाही आणि बेथलेहेमातल्या बाळालाही, आणि आपण तो मराठीत रोज वापरतो.

सह्यकडा

आज गटात उत्तर लिहिलं. ३५४ च्या ग्रंथातल्या दोन्ही नोंदी मराठीत दिल्या आणि वर लिहिलं, की सूर्याचा संबंध आहे, चोरीचा पुरावा नाही. मेसेज टाकणाऱ्या काकांनी अजून काही लिहिलेलं नाही. समोरच्या घरातल्या काकूंनी मात्र दार वाजवून विचारलं की त्या ३० शर्यती कसल्या होत्या. मला रथांपलीकडे सांगता येईना. लॅटिनवाल्या ताई, एका शर्यतीत किती फेऱ्या असत?

लॅटिन शिकतेय

सहसा सात. फेरी संपली की मधल्या कट्ट्यावरचं एक लाकडी अंडं खाली करायचे, म्हणजे प्रेक्षकांना मोजता यायचं. काकूंना सांगा, ३० शर्यती म्हणजे २१० फेऱ्या, सकाळपासून अंधार पडेपर्यंत.