मदत हवी आहे: कॅम्पिंगला झोपायला हॅमॉक सिंगल घ्यावा की डबल? (जरा घाई आहे)

सुरूबन
नमस्कार मंडळी. शुक्रवारी रात्री दिवेआगरला निघतोय. दोन्ही रात्री हॅमॉकमध्येच (दोन झाडांना बांधायच्या कापडी झोळीत) झोपायचं ठरलंय. आत्ता जो हॅमॉक आहे त्यात तासाभरात पाठ आखडते, गुडघे मागच्या बाजूने दुखतात आणि खांदे दोन्हीकडून आवळले जातात. लहान पडतोय हे उघड आहे. आज ऑर्डर टाकली तर गुरुवारपर्यंत घरी येईल. सिंगल की डबल एवढंच सांगा. तंबू घ्या, कॉट घ्या असे सल्ले कृपया नकोत.

कातळकडा
उंची? वजन? आत्ताच्या हॅमॉकच्या कापडाची लांबी? बांधता कसा, घट्ट की झोळ देऊन? एवढं कळल्याशिवाय कुणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच. आणि 'डबल' म्हणजे फक्त रुंदी जास्त. लांबी बहुतेक वेळा सिंगलइतकीच असते.

रानवाटा
डोळे झाकून डबल घ्या. सिंगल १४०-१५० सेमी रुंद असतो, डबल २०० च्या आसपास. खांदे आवळतात म्हणजे रुंदी कमी पडतेय. साधं आहे.

कातळकडा
@रानवाटा, खांदे रुंदी कमी असल्याने आवळले जात नाहीत. कापड लांबीच्या दिशेने ताणलं गेलं की दोन्ही काठ वर उठून आत वळतात आणि माणूस शेंगेतल्या दाण्यासारखा मधे अडकतो. त्याच ताणात रुंदी वाढवली तर जास्तीचं कापड तोंडावर लोंबतं, दुसरं काही होत नाही. १५० सेमी रुंदी मोठ्या माणसालाही पुरते. लांबी मात्र ३३५ सेमी, म्हणजे ११ फूट, हवी. धागाकर्त्यांनी मापं द्यावीत.

माचीवरचा
हॅमॉक घेताय ते ठीक, पण खालून लागणाऱ्या वाऱ्याचं काय? स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही, कारण त्यातली हवाच निघून जाते. २० अंशांच्या खाली तापमान गेलं की पहाटे कंबर गारठते. आत कॅरीमॅट (फोमची गुंडाळता येणारी चटई) टाका. ती घसरते, म्हणून दोन थरांचं कापड असलेला हॅमॉक घ्यायचा आणि मॅट त्या दोन थरांच्या मधे सरकवायची. मॅटची रुंदी ५०-५५ सेमी असते, त्यामुळे खांदे बाहेर राहतात. तिथे मॅटचाच अर्धा मीटरचा तुकडा आडवा लावला की काम होतं. खाली अंडरक्विल्ट (हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगायची रजई) टांगता आलं तर सर्वात उत्तम.

सुरूबन
थंडीचं विचारलंच नव्हतं, तरी धन्यवाद. उंची ५ फूट १० इंच, वजन ७८. पाकिटावर ३०० × १५० लिहिलंय, म्हणजे लांबी पुरेशी आहे. बांधताना चांगला घट्ट ओढतो, मधे खड्डा पडू नये म्हणून.

कातळकडा
सापडलं. दोन गोष्टी.

एक, ते ३०० तपासा. बरेच विक्रेते टोकाच्या दोऱ्या आणि फासे धरून लांबी छापतात. हॅमॉक जमिनीवर पसरा आणि एका टोकाला कापड जिथे चुण्या होऊन बांधलंय तिथपासून दुसऱ्या टोकाच्या तशाच जागेपर्यंत टेप लावा. तेवढीच खरी लांबी.

दोन, घट्ट ओढणं बंद करा. दुखण्याचं मोठं कारण तेच. पट्टा झाडापासून खाली येताना आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन व्हायला हवा. त्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर तुमच्या वजनाइतका, म्हणजे ७८ किलोचा ताण येतो. कोन १५ अंश केलात की दीडशे किलो, १० अंशांवर सव्वादोनशेच्या घरात. कापडाची शिवण, कॅराबिनर (अडकवायची धातूची कडी), झाडाची साल, सगळ्यांवर तो भार पडतो. शिवाय ताणलेल्या कापडात तिरकं झोपताच येत नाही, शरीर पुन्हा मधल्या रेषेवर घसरतं आणि पाठीची कमान होते. सपाट पाठ हवी तर झोळ द्यायचा आणि मधल्या रेषेला तिरकं झोपायचं: डोकं डावीकडे तर पाय उजवीकडे, किंवा उलट.

दोरखंड
कोन मोजायला काही लागत नाही. पंजा पुढे धरा, तर्जनी आडवी, अंगठा सरळ वर. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा साधारण ३० अंशांची असते, पट्टा तिच्याशी जुळवा. पण दर वेळी तपासत बसण्यापेक्षा रिजलाइन लावा. हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी, न ताणली जाणारी दोरी, लांबी कापडाच्या ८३ टक्के. ३३५ च्या हॅमॉकला २७८ सेमी. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ तोच राहतो. २-३ मिमीची डायनिमा (बारीक पण खूप मजबूत, न ताणणारी दोरी) चालते. पॅराकॉर्ड (पॅराशूटची नायलॉन दोरी) नको, ती ताणते.

रानवाटा
रिजलाइन म्हणजे उगाच एक दोरी वाढवणं. सवय झाली की नजरेने कळतं. आणि डबलमध्ये तिरकं झोपणं सोपं जातं हे मी अजूनही म्हणेन.

दोरखंड
ज्याला सवय आहे त्याला कळतं. धागाकर्ते घट्ट ओढतायत, त्यांना दोरीच उपयोगी. वर मच्छरदाणी टाकायला आणि टॉर्च अडकवायलाही तीच कामी येते. डबलचं म्हणाल तर लांबी ३०० च्या वर असेल तर रुंदीचा थोडा फायदा मिळतो हे मान्य. २६० च्या डबलमध्ये मिळत नाही.

सुरूबन
मोजला. कापड २६२ सेमी भरलं. दोऱ्या धरून ३००. आता बोला. दिवेआगरला झाडांचं अंतर किती बघू आणि पट्टा किती उंच बांधू?

कातळकडा
तुमच्या उंचीला २६२ आखूडच. छोट्या हॅमॉकमध्ये तिरकं झोपलं की पोटऱ्यांखाली कापडाची एक ताणलेली शीर उठते. ती टाच आणि गुडघा यांच्या मधे रुतते आणि गुडघा उलट्या बाजूला दाबला जातो. तुमचं गुडघ्याचं दुखणं हेच. ३३५ × १५० चा सिंगल मागवा. 'डबल' या शब्दाकडे बघूही नका, तपशिलात लांबी वाचा आणि विक्रेत्याला विचारा की ती कापडाची आहे की दोऱ्यांसकट.

झाडं ४ ते ४.५ मीटर अंतरावर शोधा. ४.५ मीटरला पट्टा साधारण ६ फुटांवर बांधला की बसल्यावर कापड जमिनीपासून ४५ सेमीवर, खुर्चीच्या उंचीला येतं. ४ मीटरला साडेपाच फूट. पायाकडची बाजू १५-२० सेमी जास्त उंच ठेवा, नाहीतर रात्रभर पायाकडे घसरत राहाल. पट्टे पॉलिएस्टरचे, किमान २.५ सेमी रुंद. नायलॉनचे वजनाने लांबतात आणि पहाटेपर्यंत पाठ जमिनीला लागते. बारीक दोरी थेट खोडाला नकोच, साल कापली जाते.

भरती_ओहोटी
दिवेआगरच म्हणताय म्हणून. सुरूची झाडं चालतात, पण समुद्राकडची पहिली ओळ सोडा. तिथे लाटांनी वाळू वाहून जाऊन मुळं उघडी पडतात आणि तशी झाडं कलंडतात. आतल्या बाजूचं, किमान १५-२० सेमी जाडीचं खोड बघा. माडाला बांधू नका. नारळ आणि सुकलेली झावळी दोन्ही वरून पडतात. पोफळ बारीक असते, वजनाने वाकते. आणि नारळी-पोफळीच्या वाड्या खाजगी असतात, मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये.
टार्प (पावसापासून वर ताणायचं कापडी छत) लावणार असाल तर वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि ती हातभर खोल पुरायची.

माचीवरचा
गडावर झोपणाऱ्यांसाठी एक विनंती. तटबंदीच्या दगडाला, तोफेला, मंदिराच्या खांबाला पट्टा अडकवू नका. तो ताण आडवा ओढतो आणि जुनं बांधकाम आडव्या ओढीसाठी केलेलं नसतं. वास्तूचं नुकसान होतं ते होतंच, अंगावर दगड येऊन जीवही जाऊ शकतो.

नेफा
गुरुवारपर्यंत ३३५ चा मिळाला नाही तर शिवून घ्या, दोन तासांचं काम आहे. रिपस्टॉप नायलॉन (चौकटीच्या विणीचं, सहज न फाटणारं), ४० ते ७० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप), १५० सेमी पन्हा, साडेतीन मीटर. लांब काठ दोनदा दुमडून टीप मारायची. आखूड काठांना पायजम्यासारखा नेफा, त्यावर पॉलिएस्टर दोऱ्याने तीन ओळी शिलाई. नेफ्यातून दोरी ओवून कापड चुण्या करत गोळा करायचं. छत्रीचं किंवा तंबूचं कोटिंगवालं कापड घेऊ नका, किनाऱ्यावर पाठ घामाने चिंब होते. पहिली चाचणी जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली गादी टाकून.

सुरूबन
शिवणकाम या आठवड्यात जमणार नाही. ३३५ × १५० वाला एक दिसतोय, पण डिलिव्हरी शनिवारची. मग या वेळी काय करू?

कातळकडा
आहे त्यावरच भागवा. २६२ ला रिजलाइन २१७ सेमीची करा. जमेल तेवढं तिरकं झोपा, पायाची बाजू उंच ठेवा आणि गुडघ्यांखाली जॅकेटची घट्ट वळकटी ठेवा, म्हणजे ती शीर टोचत नाही. उशी मानेखाली अगदी पातळ, कारण हॅमॉकमध्ये डोकं आपोआप उचललेलं असतं. ३३५ वाला आजच मागवून ठेवा, पुढच्या वेळी कामी येईल.

सुरूबन
मागवला. रिजलाइनची दोरी उद्या घेतो. सर्वांचे आभार.

उंचसखल
याच धाग्यात विचारतो. उंची ६ फूट ३ इंच, वजन १०५. मलाही ३३५ पुरेल का?

दोरखंड
३५० ते ३६५ सेमी बघा, आणि ७० डेनियरचं किंवा दोन थरांचं कापड. पातळ एकेरी नायलॉन १०५ किलोला फार ताणतं, रात्री झोळ वाढत जातो. ३६५ असेल तर रिजलाइन ३०३ सेमी, झाडं ४.५ ते ५ मीटरवर. टार्पही तेवढा लांब लागेल. रिजलाइनपेक्षा दोन्ही बाजूंना किमान १५ सेमी बाहेर आला पाहिजे, नाहीतर पाऊस टोकांवर पडून कापडातून थेट पाठीखाली येतो. पट्ट्यांना टार्पच्या आतल्या बाजूला सुतळीचा एकेक तुकडा बांधून लोंबता ठेवा. पट्ट्यावरून वाहत येणारं पाणी तिथेच गळून जातं.