‘पाटोंग टाळा, खरं फुकेत पाहा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माडबन

परवा इथे ‘पाटोंग टाळा, खरं फुकेत पाहा’ असा लेख आला. पाटोंग म्हणजे थायलंडच्या फुकेत बेटावरचा, पर्यटकांनी गजबजलेला किनारा. त्यात पाच जागा दिल्या होत्या: थलांग रोडवरचा रविवारचा बाजार, सोई रोमानी ही रंगीत घरांची गल्ली, मिशेलिनच्या यादीतली एक खानावळ, रवाईचा ‘सी जिप्सींचा पाडा’ आणि केप यामूचा ‘कुणालाच माहीत नसलेला’ किनारा. खाली सगळी वाहवा. मला मात्र चीड आली. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

लग्नाच्या सजावटीच्या कामासाठी माझं फुकेतला जाणं-येणं असतं. मोठ्या हॉटेलांत आपल्याकडची लग्नं होतात, मंडप आम्ही उभा करतो. काम आटोपलं की तिथल्याच कामगारांबरोबर जेवायला जातो, आणि ते पाटोंगलाच. बांगला रोडच्या मागच्या गल्ल्यांत इसानी जेवणाच्या गाड्या लागतात. सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, भाजलेली कोंबडी, चिकट भात. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायका, मसाजवाल्या, टुकटुकवाले असे सगळे तिथे जेवतात. ईशान्य थायलंडातून पोटासाठी इतक्या लांब आलेली माणसं आहेत ही. ती रोज जिथे जेवतात ती जागा खोटी, आणि आठवड्यातून एकदा रस्ता बंद करून पाहुण्यांसाठी भरवलेला बाजार खरा, हे कुठलं मोजमाप?

रवाईचं तर बोलायलाच हवं. तिथले उराक लावोय लोक, म्हणजे लेखातले ‘सी जिप्सी’, पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर राहतात, आणि जमिनीची कागदपत्रं दुसऱ्यांच्या नावावर. जानेवारी २०१६ मध्ये वाट अडवण्यावरून तिथे मारामारी झाली, बरीच माणसं जखमी झाली. अशा वस्तीचा फोटो टाकून खाली ‘गर्दी व्हायच्या आत जाऊन या’ लिहायचं? ती माणसं तिथे स्वतःचं घर वाचवण्यासाठी झगडताहेत हो.

फिरस्ता_नाशिक

लेख माझा आहे, म्हणून मलाच उत्तर द्यावं लागेल.

तुम्ही अर्धाच वाचलात. रवाईला लोकांच्या घरात डोकवा असं मी लिहिलेलं नाही. मासळीबाजारात जा, असं लिहिलंय. खेकडे, कोळंबी, शिंपले ताजे घ्यायचे, समोरच्या खानावळीत किलोमागे पैसे देऊन शिजवून घ्यायचे. विकायला बसलेल्या बायका त्याच वस्तीतल्या. त्यांच्या हातात थेट पैसे पडतात ते वाईट आणि पाटोंगच्या हॉटेलमालकाला दिलेले चांगले?

आणि थलांग रोड म्हणजे पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नव्हे. कथिलाच्या खाणींवर आलेल्या होक्किएन चिन्यांनी बांधलेली ती घरं आहेत. खाली दुकान, वर राहणं, मधे उजेडासाठी चौक. सकाळी कधी गेला आहात का तिथे? आम्ही सुरीन सर्कलच्या घड्याळाजवळ ‘होक्किएन मी’ या नूडल्स खायला बसलो होतो, शेजारच्या टेबलावर गणवेशातली शाळकरी मुलं आणि त्यांचे आजोबा. माझ्या मुलीने बर्फ घातलेलं ओ-एव, जेलीसारखं गोड, मागवलं, तर त्या आजोबांनी स्वतः उठून तिला लाल घेवडे घालून घ्यायला सांगितलं. पाटोंगच्या किनाऱ्यावर आमच्याशी फक्त जेट-स्कीवाले बोलले, तेही पैशासाठी.

पणजीकर

मला माडबन यांचंच म्हणणं पटतं, पण कारण वेगळं. सोई रोमानीचे फोटो बघितले की मला आमच्या पणजीतलं फोंतेन्हास आठवतं. रंगीत भिंती, जुन्या खिडक्या, आणि कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर कॅमेरा घेऊन बसलेली अनोळखी माणसं. लोकांनी दारावर ‘फोटो काढू नका’ असे फलक लावले, तरी थांबत नाहीत. माझ्या मावशीचं घर तिथे आहे. दुपारी झोपायला खिडकी उघडी ठेवता येत नाही तिला. पाटोंगला, कळंगुटला जाणारा माणूस निदान पर्यटकांसाठी ठेवलेल्या जागेत राहतो. ‘लोकल’ शोधणारा थेट घरापर्यंत येतो.

जुना_भिडू

सगळं ठीक, पण जायचं कसं ते कुणी सांगत नाही. विमानतळ बेटाच्या पार उत्तरेला, रवाई दक्षिणेच्या टोकाला. टॅक्सीवाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात, ॲपवरून गाडी बोलावली तर स्टँडवाले त्या ड्रायव्हरशी हुज्जत घालतात. आमच्यासमोर भांडण झालं, बायको घाबरून गाडीतून उतरली. आधी हे सोडवा, मग खरं-खोटं फुकेत ठरवू.

फिरस्ता_नाशिक

विमानतळापासून रवाईपर्यंत स्मार्ट बस जाते, पाटोंग, कारोन, काटा असं करत. शहरातून किनाऱ्यांकडे रानोंग रोडच्या बाजाराजवळून निळ्या सोंगथेव, म्हणजे मागे बाकं लावलेल्या प्रवासी गाड्या, सुटतात. संध्याकाळी लवकर बंद होतात, तेवढं सांभाळायचं. हे लेखात होतं.

अनघा_ठाणे

अवांतर होईल, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या ‘खऱ्या’ जागांत शाकाहारी माणसाने काय खायचं? सोम तममध्ये माशाचा सॉस आणि सुकी कोलीम, आमटीसारख्या प्रत्येक पदार्थात कोळंबीची चटणी, भाजी परततानासुद्धा ऑयस्टर सॉस. आई-बाबांना घेऊन आम्ही ग्रुप टूरने गेलो. बरोबर आचारी होता, म्हणून आईला दोन वेळा वरणभात मिळाला. तिला मधुमेह आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. इथे मात्र टूरने जाणाऱ्यांना काही कळतच नाही असा सूर असतो नेहमी.

खवय्या_कोल्हापूर

सूर असतो कारण तसं घडतं. आमच्या शेजारच्या टूरमधले लोक फुकेतला जाऊन बेसनाचे लाडू, पुरणपोळी आणि रात्री हाऊझी करून परत आले. एकाही थाई माणसाच्या हातचं खाल्लं नाही. इतके पैसे खर्च करून घरचंच जेवायचं तर घरीच बसावं.

अनघा_ठाणे

घरी बसावं? माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवलं. सत्तरी ओलांडल्यावर समुद्रात पाय बुडवून ती लहान मुलासारखी हसली. तिने काय खाल्लं यावरून तिचा प्रवास खरा की खोटा हे तुम्ही ठरवणार? तांबडा-पांढरा सोडून तुम्ही किती दिवस राहाल ते सांगा आधी.

खवय्या_कोल्हापूर

आईंविषयी मी एक शब्द बोललो नाही. टूरवाल्यांविषयी बोललो. आणि मी बाहेर गेलो की तिथलंच खातो. फुकेतला सकाळी खानोम जीन म्हणजे तांदळाच्या शेवया खाल्ल्या, मू होंग म्हणजे डुकराचं मटण खाल्लं. तांबड्या-पांढऱ्याचा इथे संबंध नाही.

पणजीकर

डुक्कर खाणाऱ्याने शाकाहाऱ्याला संस्कृती शिकवावी, याला काय म्हणायचं. आम्हीही सोरपोतेल खातो, म्हणून न खाणाऱ्या पाहुण्याला घरी बसायला सांगत नाही.

श्रीरंग_पुणे

अनघाताई, शाकाहार हा फुकेतच्या सगळ्यात मोठ्या उत्सवाचा पाया आहे, आणि या धाग्यावर अजून कुणी त्याचं नाव काढलेलं नाही. नऊ सम्राट-देवांचा तो उत्सव, चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस. काथूच्या खाणवस्तीत आलेली चिनी नाटकमंडळी आजारी पडली आणि शाकाहार, पूजा केल्यावर बरी झाली, अशी कथा सांगतात. त्या दिवसांत मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही चालत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’, म्हणजे या पद्धतीचं शुद्ध शाकाहारी, असं लिहिलेलं दिसलं की तिथे निर्धास्त खावं. २०२३ आणि २०२४ मध्ये तर हा उत्सव आपल्या घटस्थापनेच्या दिवशीच सुरू झाला. मी नवरात्रात तिथे होतो, उपास सांभाळून फिरलो. जुई तुई देवळाबाहेर पांढऱ्या कपड्यातली माणसं, फटाके, गालातून सळ्या आरपार गेलेले मा सोंग, म्हणजे अंगात देव आलेले भक्त. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे जत्रेत बगाड, गळ पाहिलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही.

अनघा_ठाणे

श्रीरंग, हे उपयोगाचं. पण ‘जे’च्या गाड्यांवर बदकाच्या, माशाच्या आकाराचं सोयाबीन असतं ना? ते ताटात आलं तर आई उठून जाईल. आणि कांदा-लसूण नसला तरी भाजी कुठल्या कढईत होते, ते कोण सांगणार?

श्रीरंग_पुणे

उत्सव पाळणारे भांडी वेगळी ठेवतात. बोलणं-वागणं शुद्ध ठेवायचं, तशी भांडीही. सोयाबीनचं बदक असतं हे खरं. ते मागवू नये. परतलेल्या पालेभाज्या, टोफू, नूडल्स भरपूर असतात.

खवय्या_कोल्हापूर

म्हणजे शाकाहारी माणसालाही तिथल्या माणसांच्या हातचं खाता येतं. मग आचारी बरोबर न्यायची गरज काय, हा माझा प्रश्न उभाच आहे.

अनघा_ठाणे

नऊ दिवस. वर्षाचे बाकीचे दिवस आई काय खाणार?

माडबन

मूळ विषयावर येतो. फिरस्ता, रवाईच्या मासळीबाजाराचं तुमचं म्हणणं मान्य. तिथे खरेदी करण्यात वावगं नाही. पण बाजाराच्या मागे वस्तीतल्या गल्लीत काढलेला, दारात बसलेल्या म्हातारीचा फोटो तुम्ही लेखात लावला आहे. तो कशासाठी?

आणि यामू. २०२४ मध्ये तिथे काय झालं ते सगळ्या बेटाला माहीत आहे. किनाऱ्यालगतच्या व्हिलाच्या पायऱ्यांवर एक थाई डॉक्टर बसली होती, व्हिलातल्या परदेशी माणसाने तिला लाथ मारल्याचा आरोप झाला. पाठोपाठ गावोगावचे लोक येऊन त्या किनाऱ्यावर बसले, किनारा आमचा आहे म्हणून. पायऱ्या सार्वजनिक जागेत होत्या, त्या पाडाव्या लागल्या. तिथल्या लोकांना आपल्याच किनाऱ्यावर बसण्यासाठी आंदोलन करावं लागलं. त्या जागेला तुम्ही ‘कुणालाच माहीत नसलेला’ म्हणता, म्हणजे ‘कुणाला’मध्ये थाई माणूस धरलेलाच नाही.

फिरस्ता_नाशिक

यामूचा हा इतिहास लेखात यायला हवा होता असं तुमचं म्हणणं असेल, तर घालतो. म्हातारीचा फोटो तिला विचारून काढला होता, खुणेने. तरी वाद नको म्हणून काढून टाकतो. थलांग रोडवरचा एक शब्दही बदलणार नाही. ज्यांच्या पणजोबांनी ते घर बांधलं ती माणसं तिथे अजून चहा विकतात, आणि ती पाटोंगपेक्षा त्या बेटाची जास्त आहेत.

माडबन

पणजोबा कथिलासाठी आले, इसानची पोरगी पर्यटकांसाठी आली. दोघांनाही पोटानेच आणलं. शंभर वर्षं आधी आलेला तेवढा खरा, हे मला कधीच पटणार नाही.

अनघाताई, उत्सवाबाहेरच्या दिवसांसाठी: रानोंग रोडवर जुई तुई देवळाच्या आसपास ‘जे’ची जेवणघरं आहेत. भात आणि वर दोन-तीन भाज्या, बोटाने दाखवून घ्यायच्या. सकाळी जा, दुपारनंतर फारसं उरत नाही.