ठिबकच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप चॅटबॉट: कोणता घ्यावा? मदत हवी आहे

राम राम मंडळी. जळगावात ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, गिऱ्हाईक जास्त करून चोपडा-धरणगावकडचं. चौकशी व्हॉट्सॲपवर येते, बरीचशी आवाजी मेसेजमध्ये, मराठी-अहिराणी मिसळून.

बिझनेस ॲपमधली ठरावीक उत्तरं इथे पुरत नाहीत. कुणी "१६ ची नळी काय भाव?" (म्हणजे १६ मिलिमीटरची) एवढंच विचारतं. साधी लॅटरल (ड्रीपर, म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणारे तुकडे, वरून लावायची नळी) की इनलाइन (ड्रीपर आतच बसवलेली), इनलाइन असेल तर ड्रीपरमधलं अंतर ४० सेंटिमीटर की ६०, ताशी २ लिटरचा की ४, हे बॉटने उलट विचारायला हवं. अंदाजाने सांगितलेला ग्रोमेट (नळीच्या जोडाचं रबरी बूच) सबमेनच्या (ओळींच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपच्या) भोकात नीट बसला नाही की गळती लागते आणि केळीच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही.

भाव फक्त आमच्या एक्सेल शीटमधूनच यावा. शीटमध्ये नसेल तर बॉटने गप्प दुकानातल्या माणसाकडे चॅट सोपवावं. असे बॉट माहिती नसतानाही ठासून आकडा सांगतात, ही मोठी धास्ती आहे.

व्हॉट्सॲपच्या एपीआयवर (बॉट जोडायची सोय) गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळं उत्तर देता येतं, पुढे मंजूर टेम्प्लेट (आधी मान्य करून घेतलेला ठरावीक मेसेज) लागतं, हे माहीत आहे.

अहिराणी बोलणं कोणत्या सेवेला नीट कळतं? शीटमधला बदललेला भाव लगेच लागू होतो का? टेम्प्लेट धरून महिन्याचा एकूण खर्च किती येतो? वापरणाऱ्यांनी कृपया नावानिशी सांगा. विकत घेण्याआधी जुन्या चौकशांवर, नाव-नंबर काढून, चाचणी करू देणारी सेवा असेल तर आधी तीच सुचवा.