'नॉन-इनव्हेसिव्ह'ला 'अनाक्रमक' म्हणावं का? (स्टेंटच्या तपासण्या)

धंतोलीकर: स्टेंट (धमनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळीची नळी) टाकलेल्या रुग्णांच्या पत्रकात 'नॉन-इनव्हेसिव्ह'चा अनुवाद असा आला आहे: 'रोपित स्टेंटचे अनाक्रमक संनियंत्रण'. गडचिरोलीहून एसटीने थेट मेडिकल गाठणाऱ्या माणसाला यातून काय कळणार? (मेडिकल म्हणजे आमचं नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पुणेकरांनी औषधाचं दुकान समजू नये.)

शब्दखोर: 'संनियंत्रण' आधी उडवा. त्यात 'नियंत्रण' दडलंय, आणि तपासणाऱ्याच्या हाती तेच नसतं. 'रोपित'ऐवजी लोक म्हणतात तसं 'टाकलेला' लिहा. 'प्रत्यारोपित' मात्र नको, ते किडनी-यकृतासाठी. 'स्प्रिंग टाकली' हेही कानावर येतं, पण हृदयातला नेहमीचा स्टेंट आपोआप उघडत नाही, फुग्याने फुगवून बसवतात. आपोआप उघडणारे मानेच्या नि पायाच्या धमन्यांत. 'जाळी' दिसायला नेमका शब्द, पण हर्नियातही जाळीच बसवतात. जुन्या कागदावर नुसतं 'जाळी बसवली' दिसलं की घोळ झालाच.

व्युत्पत्तीप्रेमी: मूळ शब्द तरी कुठे अर्थवाही आहे? चार्ल्स स्टेंट हे १९व्या शतकातले इंग्लिश दंतवैद्य, दातांचे साचे घ्यायच्या त्यांच्या लगद्यावरून हे आडनाव इथवर आलं. माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला १९८६ साली.

धंतोलीकर: आडनाव राहू द्या. 'अनाक्रमक'चं काय करू? 'बिनछेद' चालेल?

सीटी-कक्ष: नाही. मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीतही छेद नसतो, सुईचं छिद्रच असतं. खरा फरक धमनीत नळी जाते की नाही, हा. 'अनाक्रमक' वाचून लोक 'सुईसुद्धा नाही' असं धरून येतात आणि टेबलावर वाद घालतात. सीटी अँजिओत (धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) हाताच्या शिरेत सुई लागते, धमन्या दिसाव्यात म्हणून साधारण ६० ते ८० मिली आयोडीनचं औषध सेकंदाला ५ मिलीच्या आसपास वेगाने जातं. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) बघावं लागतं. मे महिन्यात नागपुरात अंगातलं पाणी आटलेल्या म्हाताऱ्या माणसाची किडनी त्यात आणखी ताणली जाते. ठोके मिनिटाला ६०च्या जवळ आणायला गोळी देतात. त्या गोळीने दमा बळावू शकतो, म्हणून दमा असेल तर आधीच सांगायला हवं.

आणखी एक शब्द पत्रकात हवा: 'फुलणे'. सीटीत धातू असतो त्याहून जाड दिसतो, म्हणजे फुलतो, आणि आतली पोकळी झाकून टाकतो. म्हणून ३ मिमीपेक्षा बारीक स्टेंटचं सहसा खात्रीने सांगता येत नाही. डिस्चार्जसोबतच्या स्टेंट-कार्डावर '२.७५ × २४' असं काही असतं: पहिला आकडा व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिमीत. हे कार्ड घरी ठेवून आलात तर अर्धी माहिती घरीच राहिली. आणि रिपोर्टात 'आतलं मूल्यमापन शक्य नाही' म्हणजे 'स्टेंट बंद' नव्हे. हा अनुवाद फार ठिकाणी चुकतो.

डॉपलरवाली: 'देखरेख' हा शब्द मानेच्या स्टेंटला शोभतो, कारण तिथे सोनोग्राफी ठरावीक काळाने पुन्हा करतात. पण स्टेंटने धमनीची भिंत ताठ होते, त्यामुळे अरुंदपणा नसतानाही रक्ताचा वेग जास्त भरतो. मानेच्या स्टेंट नसलेल्या धमनीत सेकंदाला २३० सेंमी वेग म्हणजे ७०% अरुंद असा ढोबळ नियम. तो इथे लावला तर उगाच घबराट. स्टेंट टाकल्यावर लवकरच एक मोजणी करून ठेवायची, पुढची तिच्याशी ताडायची.

शब्दखोर: मग टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी?

डॉपलरवाली: तिला 'स्टेंटची तपासणी' काहून म्हणायचं? ती स्टेंट बघतच नाही, श्रमात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतं का ते बघते. 'रक्तपुरवठ्याची तपासणी' लिहा. शिवाय चांगली टीएमटी ही गुठळी न होण्याची हमी नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर गुठळी अचानक होऊ शकते. छातीत दुखत असेल तर यातल्या कशाचीही वाट न बघता लगेच ईसीजी.

सीटी-कक्ष: 'हृदयातला' हे विशेषणही गाळू नका. मूत्रनलिकेतला डीजे स्टेंट कायमचा नसतो, बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत काढायचाच असतो. विसरला तर त्यावर खडे धरतात.

धंतोलीकर: मग मथळा असा: 'हृदयात टाकलेला स्टेंट: धमनीत नळी न घालता होणाऱ्या तपासण्या'.

सीटी-कक्ष: जमलं. शेजारी 'सुई लागते का?' असा रकाना काढा. साधी टीएमटी: नाही. सीटी: होय.