मदत हवी आहे: आई डिप्रेशनची गोळी घेईना, शनिवारी डॉक्टर, लवकर सांगा

नंदगडकर: शनिवारी ११ वाजता बेळगावात अपॉइंटमेंट आहे आणि रविवारी रात्री मला गोव्याला ड्युटीवर जायचंय, तेवढ्यात काहीतरी करायला पाहिजे. आईला डिप्रेशन आहे म्हणून डॉक्टरनी गोळी दिली, १२ दिवस घेतली आणि आता हातच लावंना झालीय. मी ओरडलो, बाबा ओरडले, ढिम्म. डॉक्टरना फोन केला तर म्हणाले बंद करू नका. तिला राजी कसं करायचं तेवढंच सांगा. चहात घालून द्यावी काय असं पण डोक्यात आलंय.

मेडिकलवाला निपाणी: चहात अजिबात घालू नका. एकदा कळलं की ती घरच्या चहावर पण विश्वास ठेवणार नाही, मग कुठलंच औषध घेणार नाही. आणि गोळीचं नाव काय, किती एमजी, सकाळची की रात्रीची, वय किती, बीपी शुगर गुडघेदुखी कशाकशाच्या गोळ्या चालू आहेत, बंद करून किती दिवस झाले? यातलं काहीच न लिहिता राजी कसं करायचं विचारताय.

नंदगडकर: वय ५६. बीपी शुगर नाही. रात्रीची एक छोटी गोळी, नाव बघून सांगतो. बंद करून ६ दिवस झाले.

अनगोळची ताई: आधी एक सांगा, आई मरणाबिरणाचं काही बोलते काय? तसं असेल तर शनिवारची वाट बघू नका, आजच दवाखान्यात न्या. रात्रीअपरात्री बोलायचं झालं तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतनं बोलता येतं.

नंदगडकर: नाही ताई, तसं काही नाही. गप्प बसते, जेवत नव्हती, देवाला फुलं घालायचं पण सोडलं होतं.

पहाटवारा: या गोळ्यांच्या नादाला लागू नका, एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही. माझ्या मावशीला आम्ही पहाटे प्राणायाम आणि अश्वगंधा चालू केलं, दोन महिन्यात माणूस बदललं.

मेडिकलवाला निपाणी: दारूची तलप लागते तशी याची लागत नाही हो. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते हे खरं, म्हणूनच डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि अश्वगंधाही औषधच आहे, दुसऱ्या गोळीबरोबर द्यायचं तर डॉक्टरला सांगूनच द्या.

पहाटवारा: तुमचं दुकान आहे, तुम्ही असंच बोलणार.

अनगोळची ताई: भांडू नका. मी स्वतः एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी घेतलीय. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ आणि फरक शून्य, चौथ्या आठवड्यात जरा उजेड दिसला. ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून मी दहाव्या दिवशी सोडायला निघाले होते. डॉक्टर सगळं माझ्या नवऱ्याशी बोलायचे, मी बाजूच्या खुर्चीवर पिशवी धरून बसलेली. गोळी माझ्या पोटात जाणार आणि निर्णय दोघा पुरुषांचा. नंदगडकर, राग मानू नका, पण तुमच्या आईला कुणी विचारलंय काय ती का घेईना झालीय?

सीमाभागी: विचारणार कसं, डॉक्टर कन्नडातनं बोलणार, चिठ्ठी इंग्लिशमध्ये, माहितीचा कागद कन्नडात. सत्तर वर्षं झाली, आमच्या आयांना स्वतःच्या दुखण्याचं सुद्धा मराठीत कळायची सोय नाही. हा सीमाप्रश्न सुटल्याशिवाय...

बसवेश्वर सर्कल: माझे डॉक्टर कन्नड आहेत आणि आईशी मोडक्या मराठीत दहा दहा मिनिटं बोलतात. इथं पण तेच आणायचं काय?

सिस्टर खानापूर: दोघांनी दुसऱ्या धाग्यावर जावा. भाषेचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये स्पष्ट आहे, आजार काय, उपचार काय, त्याचे साइड इफेक्ट काय, हे पेशंटला कळेल अशा भाषेत मिळायचा हक्क आहे. भांडायला नव्हे, शांतपणे मागायला. कन्नड येणारं घरचं कुणीतरी बरोबर न्या, पण त्यानं आईच्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत, तिचं वाक्य तसंच्या तसं पोचवायचं.

सल्लागार ५९०: मानसिक आजाराचा दिव्यांग दाखला काढून घ्या. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, आधार, फोटो आणि उपचाराचे कागद जोडायचे, मग मेडिकल बोर्ड बोलावतं.

नंदगडकर: दाखला कुणी विचारलाय? अठरा दिवसांचा आजार आहे ओ. बरं, गोळी मिर्टाझापिन १५. आणि ताई, तुमचं वाचून मघाशी गोठ्यात जाऊन आईशी बोललो. ती म्हणाली, “पहाटे साडेचारला म्हस हंबरायलीय आणि मला डोळा उघडंना, दोन दिस डेअरीचं दूध चुकलं. वरनं भूक अशी सुटलीय की तिसरी भाकरी खायलोय, गुडघे आधीच गेलेत, वजन वाढलं तर उठू कशी? हे सांगायला गेलो तर तुजा बाप म्हणतोय नाटकं करतीस.” मला वाटायलं होतं तिला बरंच व्हायचं नाही. म्हशीचं तर माझ्या डोक्यात पण नव्हतं.

मेडिकलवाला निपाणी: हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं. मिर्टाझापिन झोप आणणारी आणि भूक वाढवणारी म्हणूनच ओळखली जाते, जेवत नव्हती म्हणूनच डॉक्टरनी दिली असेल, म्हणजे त्यांचंही चुकलेलं नाही. पण कमी झोप आणणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम. त्यात सुरुवातीला मळमळ होते, काहींना नवराबायकोच्या संबंधात अडचण येते, आई ते मुलासमोर बोलणार नाही, तेव्हा डॉक्टरकडं तिला थोडा वेळ एकटीला बसू द्या. आणि गुडघ्याला काय घेते?

नंदगडकर: दुखलं की डायक्लोफेनॅक, गावातल्या दुकानातनं. आठवड्यातनं तीन चार वेळा.

मेडिकलवाला निपाणी: शनिवारी हे पहिलं सांगा. सर्ट्रालिन गटातल्या गोळ्या आणि ही दुखण्याची गोळी एकत्र झाली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. आणि ६ दिवस बंद आहे तर आपल्या मनानं परत चालू करू नका, आजच फोन करून विचारा.

सिस्टर खानापूर: अमेरिकेत मेयो क्लिनिक या मोठ्या दवाखान्यानं डिप्रेशनची कुठली गोळी घ्यायची हे पेशंटबरोबर बसून ठरवायला कार्डं केलीत. एका कार्डावर वजन, एकावर झोप, एकावर खर्च, एकावर गोळी बंद करताना काय होतं. पेशंट आधी जे कार्ड उचलेल त्यावर बोलायचं. तुमच्या आईनं झोपेचं उचललं असतं.

पहाटवारा: आणि त्यानं डिप्रेशन बरं होतं काय?

सिस्टर खानापूर: नाही, खरं तेच सांगते. २०१५ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, डिप्रेशन कमी होण्यात किंवा गोळ्या नेमानं घेण्यात फरक दिसला नाही. पण पेशंटना जास्त माहिती झाली, आपल्या निर्णयाबद्दल जास्त समाधान वाटलं आणि डॉक्टरचा वेळही वाढला नाही. माझ्या मते तेवढं सुद्धा कमी नाही, बाईला आपल्या जिवाचं काय चाललंय ते कळायला पाहिजे. प्राणायाम करायचा तर तो पण सांगा डॉक्टरला, समुपदेशनाचं पण विचारा, सगळं एका टेबलावर येऊ दे.

नंदगडकर: डॉक्टरना फोन झाला, शनिवारपर्यंत काही घेऊ नका म्हणाले. कागदावर आईच्याच शब्दात लिहून घेतलंय, म्हशीची वेळ, भाकरी, गुडघ्याची गोळी. एक प्रश्न तिनं स्वतः घातला, “बरं वाटलं की कवा सोडायची?”

अनगोळची ताई: हा विचाराच. मला बरं वाटल्यावर पुढं सहा महिने तरी घ्यायला लावली होती, मग हळूहळू कमी केली. पण तिला तिच्या डॉक्टरकडनं ऐकू दे. शनिवारी दूध कोण काढणार?

नंदगडकर: बाबा काढतो म्हणालेत. म्हस त्यांना जवळ येऊ देत नाही, म्हणून उद्या पहाटे आई शेजारी उभी राहून दाखवणार आहे.